आडवं झोपवून वाढवलेली उंची

नोंदणीचे ९९, 'मशीन टेस्ट'चे ४५०, पहिल्या कोर्सचे ६,८५० आणि दुसऱ्याचे ९,२००. एकूण १६,५९९ रुपये. नवऱ्याशिवाय घरात कुणाला हा आकडा माहीत नाही. आज लिहितेय, कारण पोरीची उंची वाढवतो म्हणून मला फसवणारी माणसं आता आजूबाजूच्या गावांत फिरतायत.

मुलगी तेव्हा २ वर्षं ९ महिन्यांची, उंची ८८ सेंटिमीटर. मंगल कार्यालयात 'बालवाढ शिबिर' होतं. तिच्या मुठीत धातूची कांडी दिली आणि दोन मिनिटांत लॅपटॉपवर रिपोर्ट आला: झिंक कमी, लोह कमी, कॅल्शियम कमी. रक्ताचा एक थेंबही न काढता! मग त्यावर उपाय म्हणून उंची वाढवणाऱ्या पावडरीच्या पाकिटांचा कोर्स. मी भोळी नाही, नोकरी करते, हिशेब सांभाळते. पण प्रत्येक बारशात "पोरगी खुरटलीय गं, खायला घालतेस ना?" ऐकून कान किटले होते. सासूबाई काही बोलत नसत, पण दर रविवारी तिला दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीची खूण करायच्या. अशात पांढऱ्या कोटातला माणूस "ताई, अजून उशीर झालेला नाही" म्हणाला. मी पैसे दिले. त्याच्या वैयक्तिक नंबरवर, बिलाशिवाय. बिल मिळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

४५ दिवसांनी पुन्हा मोजलं. ८९.५! "दीड सेंटिमीटर वाढली ताई!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तिथेच बसून ९,२०० पाठवले.

पहिल्यांदा तिला भिंतीला उभी करून मोजलं होतं. त्या दिवशी टेबलावर आडवी झोपवून. तिचे गुडघे वर येऊ नयेत म्हणून मी स्वतः दाबून धरले होते, माझ्या या हातांनी. आडवं मोजलं की मूल साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. म्हणूनच दोन वर्षांपर्यंत आडवं आणि त्यानंतर उभं मोजायची पद्धत आहे. उरलेले ०.८ ती तिची तीच वाढली. या वयात मुलं वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वाढतातच. घरी चौकटीवरची नवी खूण जुनीच्या जेमतेम करंगळीच्या नखाएवढी वर आली. सासूबाई म्हणाल्या, "दीड कुठंय गं?" मी त्यांच्यावर खेकसले. त्या एका प्रश्नावर थांबले असते तर निदान पोरीचे हाल थांबले असते.

कारण तिला शीला खडा होत होता, काळी शी, रोज रडणं. शिबिरवाल्यांना फोन केला तर "शरीर शुद्ध होतंय." अंगणवाडीच्या ताईंनी दिलेलं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली चालू होतं, वर पाकिटात पुन्हा लोह. लहान मुलांना लोह जास्त झालं तर ते विषासारखं बाधतं. घरात काय काय चालू आहे हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही नवं देऊ नका. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ११.६. या वयात ११च्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात. म्हणजे रक्तक्षय नव्हताच! ते म्हणाले, अशा पावडरींनी रक्तक्षय कमी होतो, पण उंची वाढत नाही. आणि उंची वयाच्या मानाने ठीकच आहे. आई पाच फूट, बाबा पाच-चार, पोर कुणावर जाणार?

चौकीत गेले. "मुलगी बरी आहे ना? मग फसवणूक कुठे झाली?" मी म्हटलं, खोटी तपासणी, खोटं मोजमाप. "ओटीपी दिला होता का? नाही? मग पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत." अर्ज घेतला, पोच दिली नाही. जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात अर्धी रजा टाकून गेले. एका टेबलावर म्हणाले हे औषध नाही, अन्न विभागाकडे जा. अन्नाच्या टेबलावर म्हणाले उघडलेलं पाकीट चालत नाही, सीलबंद आणा. म्हणजे पुरावा मिळवायला मी त्याच चोरांना पुन्हा पैसे द्यायचे? शिबिराची परवानगी कुणी दिली, हे तर कुणालाच सांगता आलं नाही. तीन हेलपाटे, प्रत्येक वेळी "साहेब मीटिंगला गेलेत." लहान मुलांच्या पोटात काय जातंय याची जबाबदारी एकाही टेबलाची नाही?

फसलात तर त्याच दिवशी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी २३ दिवसांनी केला. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आहे. पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर सरकारी साइटवर तपासता येतो, मी रिकामी पाकिटं टाकायला काढली तेव्हा तपासला. तो निघाला भलत्याच मालाचा.

येत्या रविवारी त्यांचं शिबिर शेजारच्या गावात आहे, चौकात बॅनर लागलाय. मी जाणार आहे. तुम्ही आलात तर मुलाचं अंगणवाडीचं कार्ड सोबत आणा आणि त्याला उभं करूनच मोजायला लावा.