पावसाळाभर वापरलेला घरगुती बाथ इंटरफेरोमीटर

फुको टेस्टमध्ये (पात्याने प्रकाश अडवून आरसा तपासायची जुनी पद्धत) सावल्या बघून आकडे काढायचा कंटाळा आला, म्हणून दुर्बिणीच्या आरशांसाठी बाथ इंटरफेरोमीटर जोडला, म्हणजे दोन लेझर किरण एकमेकांवर पाडून आरशाचा आकार मोजायचं उपकरण. लेझर डायोड, १० मिमीचा बीमस्प्लिटर क्यूब (किरण दोन भागांत विभागणारा काचेचा ठोकळा), छोटं भिंग, चिमुकला सपाट आरसा आणि सरकती स्टेज. बस. फिझो नावाच्या इंटरफेरोमीटरसारखी महागडी संदर्भ-काच लागत नाही, कारण दोन्ही किरण तपासायच्या आरशावरच जाऊन परत येतात. त्यामुळे शेजारी मिक्सर लावला तरी फ्रिंज (किरण एकमेकांवर पडून उमटणारे काळे-उजळ पट्टे) थरथरतात, पण विसकटत नाहीत.

स्वस्त क्यूबचं मात्र काही खरं नाही. कोटिंग नसलेली काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फेकते. माझ्या क्यूबमुळे मूळ फ्रिंजवर बारीक वर्तुळांची भलतीच नक्षी उमटायची आणि सॉफ्टवेअर तिला आरशाचाच खडबडीतपणा समजायचं. क्यूब जरासा तिरका केला, नक्षी बाजूला सरकली. भिंग रोज पुसा. तिथे किरण बारीक असतो, एक कण बसला तरी कड्यांवर कडी दिसतात.

खरी डोकेदुखी अ‍ॅस्टिग्मॅटिझमची, म्हणजे दोन काटकोनी दिशांत फोकस वेगळा पडण्याच्या दोषाची. दोन किरणांमध्ये अंतर ठेवावंच लागतं आणि त्या अंतरानेच थोडा अ‍ॅस्टिग्मॅटिझम येतो. ८ इंची एफ/६ आरशाला (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) १० मिमी अंतरावर तो तरंगाघाडीवर (परतणाऱ्या प्रकाशलहरीच्या आकारात) साधारण १८ नॅनोमीटर भरतो. अंतर दुप्पट केलं की चौपट. तेवढ्याच आकाराच्या एफ/४ ला तर तिपटीहून जास्त. हा भाग सॉफ्टवेअर वजा करतं, फक्त अंतर व्हर्नियरने मोजून द्या, अंदाजाने नको. काचेचे दोष आणि स्टँडवर आरशाला पडणारा ताण यांना असं सूत्र नाही.

त्यावर उपाय एकच, आरसा फिरवून पुन्हा मोजणे. एकदा नकाशात पाव लॅम्डाचं (पाव तरंगलांबीएवढं) ठसठशीत खोगीर, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमची खूण, दिसलं. आरसा स्टँडवर ९० अंश फिरवला, खोगीर जागच्या जागी! म्हणजे दोष आरशाचा नव्हे, मांडणीचा. तेवढ्यावर पिच लॅप (आरसा घासायचं डांबरी साधन) घेऊन बसलो असतो तर चांगला आरसा बिघडला असता. हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा असाच, चाचणी उपकरणातलं भिंग १.३ मिमीने चुकीच्या जागी बसल्यामुळे, अत्यंत काटेकोरपणे चुकीचा घासला गेला. दुसऱ्या चाचण्या दोष दाखवत होत्या, त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

एफ/६ आणि त्याहून मोठ्या एफ-आकड्याच्या आरशांसाठी बाथ इंटरफेरोमीटर बेलाशक घ्या. एफ/४ साठी क्यूबवर जास्त पैसे घाला. आणि फुको टेस्टर भंगारात देऊ नका, आरशाची पडलेली (काठाशी जास्त घासली गेलेली) कड त्यातच पटकन कळते.