'88.89 टक्के फ्रॅगमेंटेशन' दाखवून 18 हजार उकळले

सांगलीत माझ्या मेहुण्याचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नांचं सगळं शूटिंग एका लिनक्स सर्व्हरवर साठवतात, फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस. व्हिडिओ उघडायला फार वेळ लागतो म्हणून त्याने सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने एक कमांड चालवून स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला: ॲक्च्युअल (फाइलींचे प्रत्यक्ष तुकडे) 371250, आयडियल (कमीत कमी लागतील तेवढे) 41250, फ्रॅगमेंटेशन (फाइलींचे तुकडे डिस्कवर विखुरणं) फॅक्टर 88.89%. "दादा, डिस्क कधीही उडेल" म्हणत 'डीफ्रॅग सर्व्हिस'चे, म्हणजे हे तुकडे जोडून द्यायचे, 18 हजार घेतले, वर वार्षिक कराराचा तगादा लावला.

वेग तसूभरही वाढला नाही, तेव्हा मेहुण्याने मला बोलावलं. मी तीच कमांड चालवली, एक्सएफएस तपासायच्या एक्सएफएस_डीबी या टूलमधली फ्रॅग. पैसे घेऊनही आकडा जवळपास तोच! आणि त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. हा आकडा बहुतांशी निरर्थक आहे, असं प्रोग्राम स्वतःच छापतो, आणि पुढे सरासरी देतो: दर फाइलमागे नऊ तुकडे. स्क्रीनशॉटमधून नेमक्या याच ओळी कापल्या होत्या. याला अज्ञान म्हणत नाहीत, ही लबाडी आहे.

हा टक्का फुगतोच तसा. सरासरी दोन तुकडे असले की 50 टक्के, दहा असले की 90. चार जीबीचा व्हिडिओ साध्या हार्डडिस्कवरून वाचायला अर्धा मिनिट लागतो. नऊ तुकड्यांमधल्या उड्यांना त्यातला सेकंदाचा दहावा भागही जेमतेम लागतो. डिस्क उडण्याशी तर याचा संबंधच नाही.

खरं दुखणं इथटूलने, म्हणजे नेटवर्क कार्डाचा वेग दाखवणाऱ्या कमांडने, दाखवलं: स्पीड 100 एमबीपीएस. गिगाबिट (1000 एमबीपीएसचं) कार्ड असून केबलच खराब होती. केबल बदलली, काम झालं.

तुमच्याकडे कोणी असा टक्का घेऊन आला तर पूर्ण आउटपुट मागा, आणि फाइलफ्रॅग या कमांडने एखाद्या मोठ्या फाइलचे तुकडे स्वतः मोजा. फाइलसिस्टीम ईएक्सटी4 असेल तर तिच्या ई4डीफ्रॅग या टूलला -सी हा पर्याय देऊन नुसता स्कोअर पाहता येतो. 30 पर्यंत काहीच करायची गरज नसते. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची जपलेली अवस्था) असतील तर डीफ्रॅग करू देऊच नका, सामायिक डेटाच्या वेगळ्या प्रती होऊन डिस्क भरत जाते. आणि एक्सएफएस_एफएसआर हे डीफ्रॅगचं टूल फुकट मिळतं, त्याचं 'लायसन्स' कोणी विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मेहुण्याचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत.