भाड्याच्या घराचा वाद आणि सक्षम प्राधिकारी: दोन्ही बाजूंनी पाहिलेली व्यवस्था

वडिलांनी लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना कराराने, दिलेल्या सदनिकेची मुदत त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी संपली. घरात राहणाऱ्या गृहस्थांनी आधी मुलांच्या परीक्षेचे, मग नव्या घराच्या रंगकामाचे कारण सांगून ताबा देणे लांबवले, तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद ऐकण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करण्यावाचून माझ्यापुढे मार्ग उरला नाही. अर्ज दाखल केल्यापासून प्रत्यक्ष किल्ली हाती येईपर्यंत साधारण सहा महिने गेले. दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षे तारखा घेणारे नातेवाईक मी पाहिलेले आहेत. त्यामुळे या व्यवस्थेबद्दल माझे मत चांगले आहे, हे आधीच सांगते. तिच्यातील जी उणीव मला फार खटकते, ती पुढे येईलच.

या व्यवस्थेचा सगळा भर कागदावर आहे. लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानावा, असे कलम २४ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. त्यामुळे करार कोणत्या परिस्थितीत झाला, तोंडी काय ठरले होते, वडील काय म्हणाले होते, या वादाला तिथे फारसा वाव राहत नाही. माझ्या सुनावणीच्या दिवशी प्राधिकाऱ्यांनी नोंदणीकृत कराराची प्रत पुढे ओढली, मुदतीच्या कलमावर बोट ठेवून दोन्ही तारखा मोठ्याने वाचल्या, मग शेवटच्या पानावरील छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे पाहिले. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. वडील आता हयात नाहीत, तेव्हा अर्ज करण्याचा हक्क मला पोहोचतो का, ही माझी मोठी धास्ती होती. परंतु मालकाच्या मृत्यूनंतरचा वारस ‘घरमालक’ या व्याख्येत येतो, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारे कागद सोबत होते, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला.

घरात राहणाऱ्याला बचाव करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, ही या प्रक्रियेतील सर्वांत वेगळी गोष्ट आहे. कलम ४३ प्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन त्याला आधी बचावाची परवानगी मागावी लागते आणि ती मागितली नाही, तर अर्जातील कथन त्याने मान्य केले असे धरले जाते. आमच्या प्रकरणात पहिले समन्स ‘दार बंद’ अशा शेऱ्यासह परत आले आणि तिथेच सहा आठवडे वाया गेले. दुसऱ्या खेपेस करारात लिहिलेल्या त्यांच्या मूळ गावच्या पत्त्यावरही समन्स पाठवण्याची विनंती केली आणि ते बजावले गेले. करार करताना समोरच्याचा कायमचा पत्ता आपण एरवी किती निष्काळजीपणे लिहून घेतो, याची जाणीव मला त्या दिवशी झाली. ३० दिवसांत त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र आले नाही आणि घर रिकामे करण्याचा आदेश झाला. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे. तो हिशेब डोळ्यांसमोर आल्यावर गृहस्थांनी पुढे ताणले नाही. या आदेशाविरुद्ध अपील नाही, केवळ ९० दिवसांच्या आत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरिष्ठांकडून तपासून घेण्याचा अर्ज, करता येतो.

मालकासाठी ही सेवा खरोखर उपयोगाची आहे, पण तिचा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. माझी धाकटी बहीण दुसऱ्या शहरात अशाच करारावर राहत होती. तिने मुदत संपायच्या दिवशी घर झाडून-पुसून सोडले, विजेचे शेवटचे बिल भरले, किल्ल्या देऊन पोच घेतली. तरीही मालकाने भिंतींच्या रंगाचे आणि न्हाणीघरातील एका तडकलेल्या फरशीचे कारण काढून तिचे जवळपास सगळे डिपॉझिट अडवून ठेवले. ज्या प्राधिकाऱ्याकडे मी घर मागायला गेले, त्याच प्राधिकाऱ्याकडे तिला आपले पैसे मागायला जाता येत नाही, कारण कलम २४ मालकाला ताबा मिळवून देण्यासाठी आहे, डिपॉझिटच्या तक्रारीसाठी नाही. तिच्यापुढे वकिलाची नोटीस आणि त्यानंतर दिवाणी न्यायालय एवढाच मार्ग उरतो आणि अडकलेल्या रकमेच्या मानाने तो खर्च व तो काळ नोकरी करणाऱ्या माणसाला परवडणारा नसतो. वीज किंवा पाणी तोडण्यास याच अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई आहे, परंतु त्याचीही दाद न्यायालयातच मागावी लागते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाकडे मी म्हणूनच आस्थेने पाहते. त्यात भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि भाडे न्यायाधिकरण अशा तीन पायऱ्या आहेत, प्रकरण ६० दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे, निवासी घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे आणि मालकाइतकाच भाडेकरूही तक्रार घेऊन तिथे जाऊ शकतो. मात्र हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यातील एकही कलम आपल्या दारात येत नाही.

सध्या ज्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे आहे, त्यांनी करार नोंदणीकृत आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे आणि तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कराराची प्रत, इंडेक्स-२ (नोंदणी झाल्याचा उतारा), मुदत संपल्यावर पाठवलेली नोटीस आणि तिची पोच हे कागद क्रमाने लावून न्यावेत. वकील घ्यावा, पण कागद स्वतः वाचून जावे, कारण विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच चटकन देता येतात. घर घेणाऱ्याने सामानाची यादी आणि भिंती, फरशा, नळ यांची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवून ठेवावीत. बहिणीकडे ती नव्हती. तडकलेली फरशी ती राहायला येण्याआधीचीच होती, हे तिला आजही कोणाला दाखवता येत नाही आणि तिच्या नोटिशीला मालकाचे उत्तर अजून आलेले नाही.