मडी वॉटर्सचा ‘फोक सिंगर’: नऊ गाणी आणि बरीचशी शांतता

मडी वॉटर्स म्हणजे ॲम्प्लिफायरवाल्या शिकागो ब्लूजचा म्होरक्या; ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. सप्टेंबर १९६३मध्ये त्याच्याच चेस या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या हाती साधी अकूस्टिक गिटार दिली. हिशेब धंद्याचा होता: कॉलेजातल्या गोऱ्या पोरांत तेव्हा फोकची, म्हणजे लोकगीतांची लाट होती. त्यातून १९६४ साली ‘फोक सिंगर’ हा अल्बम आला. नाव फसवं आहे. आतला माल ब्लूजचं माहेर असलेल्या मिसिसिपी डेल्टाचाच, फक्त वीज काढून घेतलेला.

माणसं चारच. मडी, दुसऱ्या गिटारवर २७ वर्षांचा बडी गाय, उभ्या बासवर विली डिक्सन, ड्रमवर क्लिफ्टन जेम्स. ना हार्मोनिका, ना पियानो. एरवी धडाक्याने वाजवणारा बडी इथे इतका दबकून वाजवतो की तोच का, अशी शंका यावी. मडीची ओळ संपली की दोन-तीन सुरांत उत्तर देतो आणि बाजूला होतो.

ऐकताना एक चूक हमखास होते. सुरुवातीची गिटार हळू वाटते म्हणून आवाज चढवला जातो, मग मडी पुटपुटता पुटपुटता एकदम गळा मोकळा सोडतो आणि कान फाटतात. आवाज त्या आरोळीच्या बेताने लावा. हेडफोनचं बास वाढवणारं बटण तर बंदच ठेवा. त्याने डिक्सनचा बास फुगतो आणि मडीच्या आवाजामागची गुंज बुजते. या रेकॉर्डिंगचं अर्धं वैभव त्या गुंजेत आहे. स्पीकर पारखणारे ही तबकडी अजून वाजवतात ते उगाच नाही.

मडीची स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवत वाजवणं, मात्र कान देऊन ऐका. करंगळीत नळी. ती तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाही, आणि फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या बरोबर वर धरायची. अलीकडे राहिली की सूर उतरतो. नळीच्या मागे उरलेली बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर मागची तारही खरखरते. घरी करून बघायचं तर गिटार ओपन जीमध्ये लावा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजेल अशी: सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर खाली. मडी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी जाऊन थांबतो. मींड ओळखणाऱ्या कानाला ती जागा लगेच सापडेल.

नऊही गाणी सारख्या तोलाची नाहीत. ‘गुड मॉर्निंग लिटिल स्कूल गर्ल’ मूळचं १९३७चं, हार्मोनिकावाल्या सनी बॉय विल्यमसनचं. हार्मोनिकाशिवाय ते पोकळ वाटतं, आणि शाळकरी मुलीमागे लागलेले ते शब्द आज खटकतातच. ‘माय कॅप्टन’ मात्र थेट काळजात.

शेवटचं ‘फील लाइक गोइंग होम’ मडी एकट्याने वाजवतो. त्याचा १९४८चा गाजलेला सूर, पंधरा वर्षांनी पन्नाशीला टेकलेल्या गळ्यातून. ब्लूजच्या नेहमीच्या बारा बारचा (आवर्तनातल्या बारा मापांचा) हिशेब धरून मात्रा मोजत बसू नका, तो ओळीच्या गरजेनुसार थांबतो.

नंतरच्या सीडीत आणि मोबाइलवर या गाण्यापुढे १९६४ची पाच गाणी जोडलेली सापडतात. ‘द सेम थिंग’ त्यातलं झकास, पण पियानो आणि बँडसकट. एकट्या गिटारची शेवटची तार विरते न विरते तोच हा गलका सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना नवव्या गाण्यावर बंद करा. विनाइल घेणार असाल तर मागच्या यादीत नऊच गाणी आहेत ना, ते मोजून घ्या.