कसोटीचं एकच तिकीट काढायचं असेल तर: पहिला दिवस की चौथा?

कसोटी मैदानात जाऊन बघायची आहे, पण सवड एकाच दिवसाची. अशा वेळी तिकीट कुठल्या दिवसाचं काढावं? सामना गुरुवारी सुरू होणार असेल तर चौथा दिवस रविवारी येतो, रजा टाकावी लागत नाही. बहुतेकांचा हात त्याच तिकिटाकडे जातो. माझाही गेला होता.

शेवटच्या दिवसांची ओढ खोटी नाही. तोवर खेळपट्टीला भेगा पडलेल्या असतात, गोलंदाजांच्या पावलांनी क्रीजपुढची माती उकरलेली असते आणि फिरकीवाला नेमका त्याच खडबडीत जागी चेंडू टाकत राहतो. वेस्ट इंडीजविरुद्धच्या 2011 च्या वानखेडे कसोटीचा पाचवा दिवस मी मैदानात बसून पाहिलाय. जिंकायला आपल्याला 243 धावा करायच्या होत्या. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या. अश्विनने एक काढली आणि दुसरीसाठी पळताना तो धावबाद झाला. 9 बाद 242, धावा बरोबरीत आणि सामना अनिर्णित! टाळ्या वाजवाव्यात की हळहळावं, हे आमच्या रांगेत कुणालाच सुचेना. असा दिवस लाभला तर जन्मभर पुरतो.

पण लाभला तर. 2017 मध्ये ऑस्ट्रेलिया पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर खेळायला आली, तेव्हा माझ्याकडे रविवारची दोन तिकिटं होती. त्यांचा फिरकीवाला ओ'कीफ, त्याने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले, आपण 105 आणि 107 मध्ये गुंडाळले गेलो आणि शनिवारीच 333 धावांनी हरलो. मुलाने शुक्रवारी रात्रीच टोपी आणि दुर्बीण दाराशी काढून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी त्याने ती उचलून परत कपाटात ठेवली, एक शब्दही बोलला नाही. पराभवापेक्षा मला तेच जास्त लागलं.

म्हणून 2024 मध्ये गहुंज्यालाच न्यूझीलंडविरुद्धची कसोटी आली, तेव्हा सरळ पहिल्या दिवसासाठी, गुरुवारची रजा टाकली. दुपारपर्यंत त्यांचे कॉनवे आणि रचिन रवींद्र निवांत खेळत होते. तीन बाद 197 असताना आपल्या वॉशिंग्टन सुंदरचा चेंडू रचिनच्या बॅटला चकवून यष्टीवर गेला आणि पुढचे सहाही बळी त्यानेच घेतले. सातांपैकी पाच त्रिफळाचीत! साडेतीन वर्षांनी कसोटी खेळणारा हा गडी 59 धावांत सात बळी घेऊन गेला. संध्याकाळी रोहित शून्यावर बाद झाला, तेवढी रुखरुख लागली. हीसुद्धा कसोटी शनिवारीच संपली.

पहिल्या दिवशी खेळपट्टी पाटा, म्हणजे फलंदाजांना सोपी निघाली तर दिवस कंटाळवाणा होतो, हे मान्य. 2019 मध्ये इथेच दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना चौथ्या दिवसापर्यंत गेला, म्हणजे रविवारवाल्यांचंही कधी कधी साधतं. हातात दोन दिवस असतील तर दुसरं तिकीट चौथ्याचं जरूर काढा. पण एकच असेल, आणि सोबत लहान मूल असेल, तर मी पहिल्याच दिवसाचं काढेन. नाणेफेकीआधी पोहोचा. शक्यतो साइटस्क्रीनच्या (गोलंदाजाच्या पाठीमागे सीमारेषेपलीकडे असतो त्या मोठ्या पडद्याच्या) बाजूची जागा घ्या, चेंडू किती वळतोय ते तिथूनच कळतं.

मुलगा आता कॉलेजात आहे. सुंदरच्या त्या गुरुवारी तीच दुर्बीण घेऊन तो माझ्या शेजारी बसला होता.