उन्हाळी छापचित्र कार्यशाळा : लिनो, एचिंग, स्क्रीन की ‘सगळंच थोडं थोडं’?

मार्च संपत आला की पुण्या-मुंबईत कार्यशाळांच्या जाहिराती फिरू लागतात. ‘प्रायोगिक मिश्र माध्यम व प्रिंटमेकिंग. दोन दिवस. सर्व साहित्य मिळेल. पूर्वानुभवाची गरज नाही.’ खाली लांबलचक यादी असते : लिनो, मोनोप्रिंट, कोलाज, सायनोटाइप, स्टेन्सिल, टेक्स्चर पेस्ट. दुसरीकडे एखाद्या स्टुडिओची दोन ओळींची सूचना असते : एचिंग, दहा दिवस, मोजक्या जागा. तिथे शुल्क जास्त, रजाही जास्त लागते. मे महिन्याची सुट्टी एकच, तर ती कुठे लावायची?

माझा कल आधीच सांगून टाकते. पहिलीच वेळ असेल तर एकच तंत्र घ्या आणि त्याला निदान चार-पाच दिवस द्या. यात सोवळेपणा काही नाही. हा सगळा मामला शाई वाळण्याचा आहे.

दोन दिवसांची खिचडी विरुद्ध एका तंत्राचा आठवडा

छापचित्र म्हणजे कोरलेल्या किंवा शाई लावलेल्या पृष्ठभागावरून कागदावर घेतलेला छाप. त्याची पारंपरिक शाई तेलाची असते. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं आणि त्याला वेळ लागतो. मुंबईच्या दमट मे महिन्यात तर एका थरालाच काही दिवस जातात. मिश्र माध्यमाचा सगळा खेळ थरांवर थर चढवण्याचा. आधी छाप, त्यावर रंग, त्यावर चिकटवलेला कागद, त्यावर पुन्हा छाप. पहिला थर ओला असताना दुसरा चढवला की चिखल होतो. म्हणून दोन दिवसांच्या कार्यशाळेत सगळं पाण्याच्या शाईवर आणि अॅक्रिलिकवर भागवतात. त्यात गैर काही नाही, फक्त जाहिरातीतल्या ‘प्रिंटमेकिंग’चा बराचसा भाग तिथे पोहोचतच नाही, हे पैसे भरण्याआधी माहीत असावं. आणखी एक घोळ हमखास होतो : तेलाच्या शाईवर अॅक्रिलिक चढवलं जातं. तेलकट पृष्ठभागावर अॅक्रिलिक नीट धरत नाही. घरी नेलेल्या चित्राचे काही महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि तोवर शिकवणारे पुढच्या बॅचला लागलेले असतात.

मिश्र माध्यम म्हणजे सहा तंत्रांची चव घेणं, अशी समजूत होण्यामागे या जाहिरातीच आहेत. १९७५ साली अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग अहमदाबादला आले होते. गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात त्यांनी लगदा, बांबूच्या पट्ट्या आणि साडीचं कापड हाताळलं. कागदाच्या लगद्यात माती, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड कालवून केलेल्या गोळ्यापासूनही त्यांनी कामं केली. तोवर त्यांच्यामागे दोन दशकांहून जास्त काम होतं, तरी तिथे ते एका जागेला आणि एका सामानाला चिकटून राहिले. प्रयोग कशाला म्हणायचं, याचा अंदाज त्यावरून यावा.

तरीही दोन दिवसांची कार्यशाळा दोघांसाठी योग्य आहे. एक म्हणजे, आपल्याला नक्की काय आवडतं हेच ज्याला माहीत नाही तो. दुसरा, जो आधीपासून चित्रं काढतो, पण हात आखडला आहे आणि ज्याला थोडा गोंधळ हवाच आहे. बाकीच्यांना घरी परतल्यावर हातात सहा अर्धवट कागद आणि एकही न येणारं तंत्र उरतं.

लिनो की एचिंग

खरी निवड बहुतेकांच्या बाबतीत या दोघांत होते, म्हणून इथे जरा थांबू.

लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांचा तरटावर बसवलेला थर. मुळात ती जमिनीवर अंथरायची वस्तू. कोरणीने नको तो भाग काढून टाकायचा, उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि पालथ्या चमच्याने घासायचा. प्रेस लागत नाही. या एका गोष्टीमुळे माझं पारडं लिनोकडे झुकतं, कारण कार्यशाळा संपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावरही काम चालू राहतं. उन्हाळाही लिनोला मानवतो. ऊन लागलं की तो मऊ पडतो आणि कोरणी लोण्यातून गेल्यासारखी जाते. थंडीत तोच तडकतो. आपल्याकडे कार्यशाळेत कित्येकदा लिनोच्या नावाखाली मऊ रबरी किंवा पीव्हीसीचा तुकडा हाती देतात. शिकायला तो चालतो, पण बारीक रेषेला त्याची कड दबते. त्यामुळे कोणता देणार, ते आधीच विचारावं.

लिनो सोपा, म्हणून लहान मुलांचा, असं कुणी म्हणालं तर चित्तप्रसाद यांची लिनोकट पाहा. मूळचे बंगालचे, पण आयुष्याचा मोठा काळ अंधेरीत राहिलेले. काळ्या-पांढऱ्यात त्यांनी भूक, संप आणि राबणारी मुलं अशी कोरली आहेत की रंगाची आठवणही होत नाही. लिनोतली पुढची पायरी म्हणजे एकाच तुकड्यातून अनेक रंग काढणं. फिका रंग छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरायचा आणि पुढचा गडद रंग त्याच कागदांवर छापायचा. मागे फिरायची सोय नाही. किती प्रती हव्यात हे पहिल्याच रंगाला ठरवावं लागतं, कारण दुसऱ्या कोरणीनंतर पहिला ठसा जगात उरत नाही. आठवड्याच्या कार्यशाळेत हे शिकवत असतील तर पैसे वसूल समजा.

एचिंगची गंमत वेगळी आणि व्यापही वेगळा. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ लेप देतात. त्यावर सुईने रेखाटायचं. जिथे लेप खरवडला जातो तिथे आम्ल धातू खातं. मग पत्र्यावर शाई चोळायची, जाळीच्या कडक कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, म्हणजे ती फक्त खोलगट रेषांत उरते. भिजवून टिपलेला कागद वर ठेवून, नमदे घालून पत्रा प्रेसच्या रुळांखालून काढायचा. कागद उचलताना जी रेषा दिसते, तिला किंचित उंची असते आणि ती बोटाला लागते. लिनोत ती मजा नाही, हे कबूल करायला हवं. रेषेवर प्रेम असलेल्या माणसाने, म्हणजे पेनने रेखाटणाऱ्याने, एकदा तरी एचिंग करावंच.

पण उन्हाळ्यात दोन गोष्टी बघा. जस्ताला नायट्रिक अॅसिड वापरतात आणि त्याची वाफ घशाला झोंबते. एसीच्या बंद खोलीत एचिंग शिकवत असतील आणि वाफ बाहेर खेचणारा पंखा नसेल, तर जाऊ नका. तांब्याला फेरिक क्लोराइड चालतं. त्याची तशी वाफ होत नाही, पण कपड्यांवर पडलेला डाग जन्मभर सोबत करतो आणि ते अंगावर उडवून घेण्याजोगंही नाही. आता काही ठिकाणी जस्त आणि अॅल्युमिनियमसाठी मोरचूद आणि मीठ यांचं द्रावण वापरतात. घरगुती वाटलं तरी तेही हातमोज्यांनीच हाताळायचं, पण नायट्रिकपेक्षा फार बरं. छटांसाठी पत्र्यावर राळेची पूड उडवतात. ती फुफ्फुसाला वाईट आणि हवेत उडालेली असताना ठिणगी पडली तर भडकते. शिकवणारे त्या वेळी स्वतः मास्क लावतात का, एवढं पाहिलं तरी स्टुडिओची इयत्ता कळते.

दुसरी गोष्ट कागदाची. विदर्भातल्या मे महिन्यात भिजवलेला कागद प्रेसपर्यंत जाईतो वाळतो, म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा लागतो. उलट शाई मात्र मऊ राहते. थंड देशांत त्यासाठी पत्रा तापवायची शेगडी लागते, आपल्याकडे ती सोय निसर्गानेच केली आहे.

एचिंगची अडचण कार्यशाळेनंतर सुरू होते. प्रेस जड आणि महाग. त्यामुळे शिकवणारा स्टुडिओ नंतर तासांच्या हिशेबाने प्रेस वापरू देतो का, हा प्रश्न शुल्कापेक्षा महत्त्वाचा. देत नसेल तर तुमचा पत्रा कपाटात पडून राहील. दुधाचं किंवा रसाचं टेट्रापॅक उलगडून त्याच्या चकचकीत बाजूवर सुईने रेखाटायचं आणि शेवया-पास्त्याच्या यंत्रातून छाप घ्यायचा, ही पळवाट आहे. ती मजेशीर आहे, पण आम्लातली खोल रेषा तीत येत नाही.

छापचित्रकार कृष्णा रेड्डींचं नाव ऐकून कुणाला एकाच पत्र्यावरून अनेक रंग काढायचं तंत्र शिकायचं असेल, तर थोडं थांबा. पॅरिसच्या ‘आतलिए १७’ या छापचित्र स्टुडिओत त्याचे संस्थापक हेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत रेड्डींनी ते फुलवलं. पत्र्यावर वेगवेगळ्या खोलीच्या पातळ्या करायच्या, प्रत्येक शाईत तेल कमी-जास्त ठेवायचं आणि मऊ-कडक रोलरने ती एकावर एक चढवायची. तेलाच्या फरकामुळे शाया एकमेकींत मिसळत नाहीत. हे सगळं साधं एचिंग हाताखालून गेल्यावरच कळतं.

स्क्रीन आणि सायनोटाइप

स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून खाली छापणं, आपल्याला परकं नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट गल्लीतल्या छापखान्यात याच पद्धतीने निघत आले. त्यामुळे साहित्य स्वस्तात आणि जवळच मिळतं. सपाट, ठळक रंग आणि एकाच चित्राच्या खूप प्रती हव्या असतील, तर यासारखं दुसरं नाही. पोस्टर करणाऱ्यांनी, डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी डोळे झाकून हेच घ्यावं. उन्हाळ्यात पाण्याची शाई जाळीतच वाळून छिद्रं बुजतात, म्हणून हातात पाण्याची फवारणी ठेवावी लागते. एक प्रश्न मात्र जरूर विचारा : जाळीवरच्या इमल्शनमध्ये, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपात, बायक्रोमेट घालता का? जुन्या छापखान्यांत ती सर्रास वापरली गेली, पण ती विषारी आहे आणि तिने कर्करोगाचा धोका असतो. त्याऐवजी तयार डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन मिळतं. मुलांना पाठवणार असाल तर यावर तडजोड नको.

सायनोटाइप खरं तर छायाचित्रणाच्या घरातलं. १८४२ साली जॉन हर्शेलने ते शोधलं आणि पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्सने त्यात समुद्री शेवाळाच्या प्रतिमांचं पुस्तक सुरू केलं. कागदाला लोहाच्या क्षारांचं मिश्रण लावायचं, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं. महाराष्ट्रातल्या मे महिन्याच्या दुपारी काही मिनिटांत काम होतं. गुलमोहराच्या बारीक पानांचा ठसा तर बघत राहावा असा येतो. धुण्याच्या सोड्याने निळा रंग फिका करता येतो आणि मग चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी छटा आणता येते. मिश्र माध्यमाला हा उत्तम पाया, कारण कागद वाळला की त्यावर छापा, शिवा, रंगवा, काहीही करा. एकच दिवस हाताशी असेल तर मी सायनोटाइपच घेईन. जूनमध्ये ढग आले की मात्र हा उद्योग रेंगाळतो. शिवाय एचिंगच्या आम्लाच्या टबाशेजारी सायनोटाइपची बाटली ठेवणारी कार्यशाळा टाळा. त्यातलं फेरीसायनाइड तीव्र आम्लापासून दूरच असावं.

लिथोग्राफी, म्हणजे सपाट दगडावरून छपाई, उन्हाळी कार्यशाळेत क्वचित दिसते आणि ते ठीकच आहे. रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातली घराघरांत पोहोचलेली लक्ष्मी अशाच दगडांवरून निघाली, पण प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ते आठवड्याचं काम नव्हे.

मोनोप्रिंट आणि कोलाग्राफ

‘प्रायोगिक’ हा शब्द खऱ्या अर्थाने इथे शोभतो. कोलाग्राफमध्ये पुठ्ठ्यावर दोरा, पॉलिश पेपर, वाळलेली पानं, कापड फेव्हिकॉलने चिकटवायचं, वरून लाखेचं पॉलिश द्यायचं आणि त्याचाच ठसा घ्यायचा. पॉलिश हात राखून दिलं तर ओल्या कागदाने फेव्हिकॉल सुटतो आणि कागद-पुठ्ठा एकजीव होतात. मोनोप्रिंटमध्ये गुळगुळीत पत्र्यावर रंगवून एकदाच छाप घ्यायचा, दुसरी प्रत नाही. जिलेटिनची वडी वापरून हेच प्रेसशिवाय होतं. मात्र घरी केलेली वडी मे महिन्याच्या दुपारी पाघळते आणि जिलेटिन प्राणिज असतं, हे काहींना आधी सांगायला हवं.

जागा कुठल्या

मुंबईत जे.जे. कलाशाळेच्या वर्तुळात शिकलेले छापचित्रकार आपापल्या स्टुडिओत शिकवतात, त्यांच्याकडे चौकशी करावी. रेल्वेच्या टप्प्यात वडोदऱ्याचं ‘छाप’ आहे. १९९९ साली सुरू झालेलं, केवळ छापचित्रासाठीचं हे केंद्र एचिंगकडे गंभीरपणे पाहणाऱ्याने आधी तपासावं. भोपाळच्या भारत भवनात १९८२पासून छापचित्राचा विभाग आहे. कागदासाठी पुण्याची हातकागद संस्था विसरू नका. एचिंगला दुकानातला ड्रॉइंग पेपर भिजून फाटतो, सुती हातकागद टिकतो.

अमेरिकेत असाल तर नॉर्थ कॅरोलिनातल्या पेनलँड या हस्तकला शाळेसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात एक-दोन आठवड्यांची निवासी सत्रं होतात. तिथे राहण्या-जेवणासकट माणूस फक्त एका तंत्रात बुडतो. खर्च मोठा, पण शिष्यवृत्त्याही असतात, अर्ज लवकर करावा लागतो.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा : एका प्रेसमागे किती जण, कागद कोणता, शाई तेलाची की पाण्याची, आणि ओले छाप वाळवायला टांगायची जागा आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला, तर तिथे छापण्यापेक्षा फोटो काढणंच जास्त होत असणार.