इलेक्ट्रोपोरेटर: सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या लॅबमध्ये इलेक्ट्रोपोरेटर, म्हणजे विजेच्या झटक्याने पेशींत डीएनए घालणारं मशीन, येऊन सात महिने झाले. त्याआधी ई. कोलाय या जिवाणूत प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचं म्हणजे कॅल्शियम क्लोराइडवाल्या पेशी, ४२ अंशांचा हीट शॉक आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर येईल ते. साध्या क्लोनिंगला ते पुरतं, मी आजही तेच करते. पण डीएनएची लायब्ररी बनवायची, लाखो वेगवेगळे तुकडे पेशींत पोचवायचे, तर हीट शॉक तोकडा पडतो. म्हणून हे मशीन मागवलं.

काम एवढंच: क्युव्हेट नावाच्या छोट्या डबीत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात, मधे १ मिलिमीटरची फट. त्या फटीत पेशी आणि डीएनए सोडायचे आणि १.८ किलोव्होल्टची पल्स द्यायची, म्हणजे दर सेंटिमीटरला १८ किलोव्होल्ट. पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. त्याच्या दोन बाजूंमध्ये एखाद्या व्होल्टचा फरक पडला तरी त्याला तो सोसत नाही. बारीक छिद्रं पडतात, डीएनए आत शिरतो, छिद्रं बुजतात. एबरहार्ड नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत याच पद्धतीने जनुक घातलं होतं. १९८८ पर्यंत ई. कोलायमध्ये एका मायक्रोग्रॅम डीएनएमागे अब्जाच्या वर कॉलन्या (डीएनए घेतलेल्या एकेका पेशीपासून प्लेटवर वाढलेले ठिपके) मिळू लागल्या.

मला मात्र पहिल्या महिन्यात मिळाले ते स्पार्क. बटण दाबलं की फट्‌ आवाज, आत लख्ख उजेड, एकदा तर क्युव्हेटचं झाकणच उडालं. आठवडाभर खपून केलेलं लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडलेलं मिश्रण) त्यात गेलं. मशीन बिघडलंय असं समजून मी कंपनीला दोनदा फोन केला. मशीन ठीक होतं. मी लायगेशन मिक्स जसंच्या तसं ५ मायक्रोलिटर घालत होते आणि त्यातल्या क्षारांमधून वीज सरळ पार होत होती. आता पेट्री डिशमध्ये शुद्ध पाणी घेते, ०.०२५ मायक्रॉनच्या फिल्टरची चकती चकचकीत बाजू वर ठेवून त्यावर तरंगवते आणि लायगेशनचा थेंब तिच्यावर अलगद सोडते. अर्ध्या तासात क्षार खालच्या पाण्यात उतरतात, डीएनए थेंबात राहतो. हे सुरू केल्यापासून स्पार्क जवळजवळ बंद झाले. क्युव्हेट बाहेरून ओली असली तरी स्पार्क होतो, म्हणून बर्फातून काढल्याबरोबर टिश्यूने पुसायची.

पल्स दिल्यावर स्क्रीनवर टाइम कॉन्स्टन्ट, म्हणजे पल्स किती वेगाने विझली ते सांगणारा आकडा, येतो. सुरुवातीला मी तिकडे बघतही नव्हते, आता आधी तोच बघते. २०० ओहम गुणिले २५ मायक्रोफॅरड म्हणजे ५ मिलिसेकंद, हे त्याचं गणित. मशीनमधला २०० ओहमचा रेझिस्टर नमुन्याला समांतर जोडलेला असतो. नमुन्यात क्षार राहिले की त्यातून जास्त वीज वाहते, एकूण रोध घटतो आणि पल्स लवकर विझते. ४.८ आला की पेशी नीट धुतल्या गेल्यात. ३.९ आला की प्लेट उद्या कशी दिसणार ते आजच कळतं. वहीत प्रत्येक पल्ससमोर मी हा आकडा लिहिते. सहा बॅचनंतर माझ्या लक्षात आलं की मशीनवरचं सेटिंग एकदाही बदललेलं नाही, बदललंय ते माझं धुणं.

खरे कष्ट त्या धुण्यातच आहेत. पेशी १० टक्के ग्लिसरॉलमध्ये आल्या की पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला पेशींचा गोळा) सैल होतं. वरचं पाणी ओतून टाकायला गेलं की अर्धं पेलेट हातातून जातं. ते पाणी पिपेटनेच ओढून घ्यावं, तळाशी थोडं राहिलं तरी चालेल. सगळं बर्फात, सेंट्रिफ्यूजही ४ अंशांवर. पल्सनंतर मात्र एक क्षणही दवडायचा नाही. एसओसी हे पोषक माध्यम पिपेटमध्ये भरून हातात तयारच हवं. एका मिनिटाच्या उशिराने कॉलन्या निम्म्याहून कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. मग ३७ अंशांवर तासभर, की प्लेटवर.

आता तक्रारी. क्युव्हेट्स महाग असतात, म्हणून आम्ही त्या धुऊन परत वापरत होतो. एका लायब्ररीत जुनंच प्लाझ्मिड सिक्वेन्सिंगमध्ये निघालं, तेव्हापासून लायब्ररीसाठी नवीनच क्युव्हेट. होल्डरच्या धातूवर दव साचून चौथ्या महिन्यातच गंज दिसला, तो बदलून मिळायला सहा आठवडे लागले आणि तेवढे दिवस काम ठप्प झालं.

शिवाय आमच्या मॉडेलमध्ये फक्त घसरत जाणारी पल्स आहे, चौकोनी नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींना ४ मिलिमीटरची क्युव्हेट आणि अडीचशे व्होल्टच्या आसपास सौम्य पल्स देऊन पाहिलं. ट्रायपॅन ब्ल्यूने मोजलं तर दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. ज्यांचं मुख्य काम टी-पेशींसारख्या अवघड पेशींवर आहे, त्यांनी चौकोनी पल्सचंच मशीन घ्यावं. सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमियावरच्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कॅसगेव्ही उपचारात रुग्णाच्या रक्तातील मूळपेशी बाहेर काढून त्यांत क्रिस्परची (जनुकात बदल करण्याच्या तंत्राची) सामग्री विजेच्या पल्सनेच घालतात. तिथे पल्सनंतर जगलेली प्रत्येक पेशी रुग्णाच्या शरीरात परत जायची असते. ते वाचल्यापासून मी मेलेल्या पेशींचा आकडाही वहीत लिहू लागले.

नवीन वापरणाऱ्यांना एकच आग्रह. पेशींची प्रत्येक बॅच आधी पीयूसी१९ या छोट्या प्लाझ्मिडच्या १० पिकोग्रॅमने तपासा. पल्सनंतरच्या एक मिलिलिटर माध्यमातून दहापट पातळ करून १०० मायक्रोलिटर पसरल्यावर शंभर कॉलन्या आल्या, तर बॅच मायक्रोग्रॅमला एक अब्जाची आहे. माझ्या गेल्या बॅचला १४० आल्या. तो आकडा आणि तारीख मी फ्रीझरमधल्या डब्यावर मार्करने लिहून ठेवली आहे.